बाहेरच्या क्लायंटचे पैसे बँकेत मागवताना – आमच्या फ्रीलान्सर ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नागपुरात घरी बसून बाहेरचं काम करणारे आता गल्लोगल्ली आहेत, कोणी वेबसाइट बनवते, कोणी लोगो, कोणी अमेरिकेतल्या डॉक्टरांचे हिशोब ठेवते. आमच्या ऑफिसात येऊन बहुतेक जण एकच विचारतात, क्लायंट म्हणते पैसे सोडले, खात्यात तर काही दिसून नाही राहिलं, गेले कुठं? सहसा कुठं जात नाहीत, कागदापायी अडकून बसतात. आणि तो कागद बिल पाठवायच्या आधी पाच मिनिटं देऊन नीट केला असता तर पुढची धावपळ झालीच नसती, म्हणून हे पत्रक.

बिलावर बँकेचं काय लिहायचं

अमेरिकेतला क्लायंट राउटिंग नंबर (तिकडचा बँकेचा नंबर) मागतो, जर्मनीतला आयबॅन (तिकडचा लांबलचक खाते नंबर) मागतो आणि आपण गडबडून आयएफएससी पाठवून देतो. आपल्या इथल्या बँक खात्याला राउटिंग नंबर नसतो आणि आयबॅन पण नसतो, बाहेरून थेट पैसे यायला लागतो तो स्विफ्ट कोड. ८ किंवा ११ अक्षरांचा असतो, पहिली चार बँकेची, पुढची दोन देशाची म्हणजे आपली आयएन. क्लायंटला सरळ सांगा की भारतात आयबॅन चालत नाही, स्विफ्ट आणि खाते नंबर टाका, आयएफएससी सोबत लिहा म्हणजे इकडे शाखा सापडायला बरं.

आता मनीषनगरच्या किंवा त्रिमूर्तीनगरच्या तुमच्या छोट्या शाखेला स्वतःचा स्विफ्ट कोड असेलच असं नाही. शाखेत जाऊन विचारा, आपलं फॉरेक्सचं म्हणजे परकीय चलनाचं काम कुठून होते, आणि त्यांनी दिलेला कोडच घ्या, गुगलवर सापडलेला नको. डॉलरमध्ये येणार असतील तर करस्पाँडंट बँकेची, म्हणजे मधे पैसे पोचवून देणाऱ्या बँकेची, माहितीही मागून घ्या, कारण डॉलर बहुतेक वेळा न्यूयॉर्कच्या एखाद्या बँकेतूनच फिरून येतात. सहकारी बँकेत खातं असेल तर आधी खात्री करा, बऱ्याच सहकारी बँका हे काम दुसऱ्या मोठ्या बँकेमार्फत करतात आणि मग क्लायंटला दोन-दोन बँकांची नावं भरावी लागतात.

नाव मात्र पासबुकावर आहे तेच. इंस्टाग्रामवर तुमचं काहीतरी क्रिएशन्स असेल पण खातं तुमच्या स्वतःच्या नावानं असेल तर लाभार्थी म्हणून स्वतःचंच नाव लिहा, नाहीतर पैसे येऊन परत जातात आणि परत जाताना चार्ज कापला जातो तो वेगळा.

मधल्या मधे किती जातात

वायर म्हणजे बँकेतून थेट बँकेत पैसे पाठवताना क्लायंटच्या स्क्रीनवर चार्ज कोणाचा असा प्रश्न येतो, अवर, शा आणि बेन असे तीन पर्याय. अवर म्हणजे सगळा चार्ज पाठवणाऱ्याचा, शा म्हणजे तिकडचा त्याचा आणि इकडचा तुमचा, बेन म्हणजे सगळा तुमच्या अंगावर. बहुतेक लोक शा ठेवतात, म्हणून हजार डॉलरचं बिल केलं तरी हजार पोचत नाहीत. हे बोलणं काम घेतानाच करून घ्या, नंतर पंचवीस डॉलरसाठी क्लायंटच्या मागं लागायला आपल्यालाच कसंतरी वाटते.

एक हिशोब करून पाहू, भाव समजायला धरलेला आहे. बाजारात डॉलर ९० रुपये आहे, हजारातले २५ डॉलर वाटेत कापले गेले, ९७५ आले, आणि बँकेनं भाव दिला ८८.५०. हातात आले ८६,२८७ रुपये. म्हणजे ९०,००० मधले जवळपास ३,७०० गेले, त्यात २,२५० कापलेल्या डॉलरचे आणि १,४६० च्या आसपास भावातल्या फरकाचे. वर रुपयात बदलण्यावर जीएसटी लागतो, एक लाखापर्यंतच्या रकमेला एक टक्का हे सेवेचं मूल्य धरतात आणि त्याच्यावर १८ टक्के, म्हणजे इथं साधारण १५५ रुपये, त्यावर बँकेचा स्वतःचा चार्ज असेल तो.

आता तेच बिल ५,००० डॉलरचं असतं तर वाटेतले २५ डॉलर तेवढेच, पण भावातल्या फरकात ७,४६० च्या वर गेले असते. म्हणून आमचं सांगणं असं की बिलं छोटी असतील तर दर आठवड्याला मागवू नका, महिन्याचं एकत्र मागवा, आणि बिल मोठं असेल तर चार्जचं रडगाणं सोडून शाखेत भावावर बोला. भाव वाढवून मिळतो, मागणाऱ्याला मिळतो, न मागता कोणी देत नाही.

परपज कोड, इथंच जास्त लोक अडकतात

बाहेरचा पैसा कशाचा आहे हे बँकेला आरबीआयच्या यादीतल्या कोडनं सांगावं लागते. सॉफ्टवेअर कन्सल्टन्सीला पी०८०२, बिझनेस कन्सल्टिंगला पी१००६, जाहिरात आणि मार्केट रिसर्चच्या कामाला पी१००७. पैसे आले की बँक ईमेल पाठवते, त्यात एक फॉर्म असतो, कोड भरा, बिल जोडा, सही करून पाठवा. हा ईमेल स्पॅममध्ये जाऊन पडतो किंवा जाहिरात समजून कोणी उघडत नाही, आणि पैसे बँकेत येऊनही खात्यात जमा होत नाहीत. क्लायंटनं पाठवले म्हटलं की आधी स्पॅम पहा, मग त्याच्यावर चिडा.

दुसरा घोळ म्हणजे कोणीतरी सांगते पी१३०१ टाक, घरखर्चाचा कोड आहे, काही विचारत नाहीत. अहो तो परदेशातल्या नातेवाइकानं घरी पाठवलेल्या पैशाचा कोड आहे. तो टाकला की कागदावर तुमची कमाई घरखर्च म्हणून उमटते आणि उद्या हे एक्सपोर्टचं उत्पन्न आहे हे दाखवायला गेलात की पुरावाच उलटा निघतो. कोड चुकला असेल तर बँकेला लेखी अर्ज देऊन दुरुस्त करून घ्या, वर्ष उलटायची वाट पाहू नका.

प्रत्येक जमेची इनवर्ड रेमिटन्स ॲडव्हाइस, म्हणजे बाहेरून पैसे आल्याचा बँकेचा कागद, मागून ठेवा, काही बँका तिला एफआयआरसीच म्हणतात. नुसतं स्टेटमेंट पुरत नाही. बिल हजाराचं आणि ॲडव्हाइस ९७५ ची असेल तर मधले २५ कुठं कापले तो कागदही सोबत लावा, तो बँक चार्ज म्हणून खर्चात धरता येतो.

जीएसटी, इन्कम टॅक्स थोडक्यात

वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला साधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, पण ही उलाढाल मोजताना बाहेरची कमाईही धरायची. नोंदणी असेल तर बाहेर दिलेली सेवा झिरो रेटेड म्हणजे तिच्यावर शून्य टक्के जीएसटी, पण त्यासाठी दर आर्थिक वर्षाला एलयूटी म्हणजे हमीपत्र भरावी लागते, फॉर्म आरएफडी-११. गेल्या वर्षीची चालत नाही. बाहेरचा क्लायंट तुमचा टीडीएस कापत नाही, त्यामुळं पूर्ण रक्कम हातात येते आणि सगळी आपलीच वाटते, तशी ती नसते, वर्षाचा टॅक्स १०,००० किंवा जास्त निघत असेल तर ॲडव्हान्स टॅक्स भरायचा, म्हणजे वर्ष चालू असतानाच हप्त्यानं. अमेरिकेच्या क्लायंटनं डब्ल्यू-८बेन मागितला तर घाबरू नका, तुम्ही अमेरिकी नाही एवढं सांगणारा तो फॉर्म आहे, भरून त्यालाच द्यायचा.

क्रिप्टोत देतो म्हणणारे भेटतात आजकाल. आम्ही स्पष्ट नाही म्हणतो, ते परकीय चलन धरलं जात नाही आणि बँकेचा कागदही मिळत नाही. बाहेरचे पैसे घेऊन इकडच्या खात्यात टाकणाऱ्या कंपन्या ठीक आहेत, काही तर अमेरिकेतला खाते नंबरही देतात, पण आरबीआयनं ऑक्टोबर २०२३ मध्ये सीमेपलीकडच्या पेमेंट ॲग्रिगेटरसाठी म्हणजे अशाच कंपन्यांसाठी नियम आणलेत, तेव्हा परवानगी आहे का आणि रेमिटन्सचा कागद देतात का, हे दोन्ही आधी विचारा.

पैसे खरंच अडकले तर

क्लायंटला त्याच्या बँकेतून पैसे पाठवल्याच्या स्विफ्ट मेसेजची कॉपी (पूर्वी एमटी१०३ असायची ती) किंवा यूईटीआर नंबर (त्या व्यवहाराचा माग काढायचा नंबर) मागा, त्यावरून पैसे कोणत्या बँकेत थांबलेत ते कळते. तो घेऊन शाखेत लेखी तक्रार द्या, तोंडी नको, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार होते, फी लागत नाही, सिव्हिल लाइन्सच्या आरबीआय ऑफिसात चकरा मारायची गरज नाही.

आमच्याकडे येताना बिल, ती ॲडव्हाइस, बँकेचे ईमेल आणि पॅन घेऊन या. मोबाइलमधले स्क्रीनशॉट चालतील, पण पूर्ण पानाचे काढा, अर्धे कापलेले नको.