बधीर म्हणजे नेमके काय: स्पर्शाची वाट आणि वेदनेची वाट

पायाला नीट कळेनासे झाले की कोकणात रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कोणीही एवढेच सांगतो: पाय बधीर झाला. या एका शब्दाखाली दोन निराळ्या गोष्टी झाकल्या जातात, कारण स्पर्श आणि वेदना मज्जारज्जूतून, म्हणजे पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंच्या जुडीतून, एकाच वाटेने मेंदूकडे जात नाहीत.

ओहोटीला कालवे, म्हणजे खाण्याचे शिंपले, काढायला अनवाणी कातळावर उतरलेल्या बाईच्या तळव्याखाली फुटक्या शिंपीची धार आली, तर आधी काहीतरी लागल्याचे कळते, पाठोपाठ टोचल्याची कळ येते आणि चुरचुरणारी आग त्यानंतर पसरते. स्पर्श आणणारे मज्जातंतू जाड असतात, त्यांच्यावर मायलिन या स्निग्ध पदार्थाचे वेष्टण असते आणि त्यांचा वेग सेकंदाला साधारण ३५ ते ७५ मीटर असतो. कळ आणणाऱ्या बारीक तंतूंचा वेग ५ ते ३० मीटर असतो, तर आग आणणाऱ्या, मायलिन नसलेल्या तंतूंचा जेमतेम अर्धा ते दोन मीटर. त्यामुळे तळव्यापासून मज्जारज्जूपर्यंतचे मीटरभर अंतर कापायलाच त्यांना अर्धा ते दोन सेकंद लागतात.

खरा फरक मात्र मज्जारज्जूत शिरल्यावर पडतो. सूक्ष्म स्पर्श, कंपन आणि सांधा कोणत्या स्थितीत आहे याची जाणीव नेणारे तंतू ज्या बाजूने आत येतात त्याच बाजूने, पाठीकडच्या पश्च स्तंभातून, मध्ये कुठेही वाट न बदलता थेट लंबमज्जेपर्यंत, म्हणजे मेंदूच्या तळाशी मज्जारज्जूला जोडलेल्या भागापर्यंत, चढतात. पायाच्या अंगठ्यापासून मानेच्या वरपर्यंतचा हा सगळा पल्ला एकाच पेशीचा तंतू गाठतो, हे मला आजही विलक्षण वाटते. लंबमज्जेत तो निरोप दुसऱ्या पेशीकडे सोपवला जातो आणि तिचा तंतू तेथेच दुसऱ्या बाजूला ओलांडतो. वेदना आणि उष्ण-थंड यांचा निरोप मात्र मज्जारज्जूत शिरताच दुसऱ्या पेशीकडे जातो, एक-दोन मणक्यांच्या उंचीतच समोरची बाजू धरतो आणि तेथून स्पायनोथॅलॅमिक मार्गाने वर चढतो. दोन्ही वाटा पुढे थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या टप्प्यामार्गे मेंदूच्या विरुद्ध अर्ध्या भागातच पोहोचतात. ढोबळ स्पर्श या दुसऱ्या वाटेनेही थोडाफार जातो, म्हणून नुसता कापसाचा बोळा फिरवून केलेली तपासणी मला अपुरी वाटते. कंपन तपासायला १२८ हर्ट्झचा नादकाटा आणि वेदना तपासायला टाचणी ही दोन्ही लागतातच.

ओलांडण्याची जागा वेगळी असल्याचा परिणाम काय होतो, हे मज्जारज्जूच्या एकाच बाजूला इजा झाली की दिसते. १८१७ साली मॉरिशसमध्ये जन्मलेले वैद्यक संशोधक ब्राउन-सेकार यांचे नाव या लक्षणसमूहाला आहे. आंब्याच्या हंगामात झाडावरून पडलेल्या एखाद्या गड्याच्या मज्जारज्जूचा उजवा अर्धा भाग पाठीच्या उंचीवर दुखावला, असे समजा. इतकी नेमकी अर्धी इजा विरळ असते, पण तिच्यावरून उलगडा स्वच्छ होतो. त्याचा उजवा पाय लुळा पडतो आणि तो पाय कुठे आहे हे त्याला डोळे मिटून सांगता येत नाही, तरीही त्या पायाला चिमटा काढला की तो कळवळतो. डावा पाय व्यवस्थित हलतो, पण त्याला निखारा लागला तरी समजत नाही. लुळ्या पायाला चिमटा कळतो म्हणून नातेवाईक निर्धास्त होतात आणि चांगल्या दिसणाऱ्या पायाकडे कोणी बघत नाही, याची मला फार काळजी वाटते.

बी-१२ जीवनसत्त्वाच्या दीर्घ अभावात मज्जारज्जूतील पश्च स्तंभ आधी खराब होतात. अशा माणसाची चप्पल चालता चालता निसटते आणि त्याला पत्ता लागत नाही. दिवसा तो सड्यावरून बरा चालतो, कारण डोळे पायांना सावरतात, पण काळोखात किंवा तोंड धुताना डोळे मिटले की त्याचा तोल जातो. काटा रुतला तर तो त्याला अनेकदा चांगलाच कळतो.

मानेच्या भागात मज्जारज्जूच्या मधोमध पोकळी वाढत गेली, तर याच्या नेमके उलट घडते, कारण त्या पोकळीच्या पुढून ओलांडणारे वेदनेचे तंतूच आधी तुटतात आणि पश्च स्तंभ बराच काळ शाबूत राहतात. अशा बाईची बोटे तव्यावर तांदळाची भाकरी उलटताना पोळतात आणि फोड दिसेपर्यंत तिला त्याची जाणीव नसते. तीच बोटे पदराच्या गाठीतले नाणे न बघता ओळखतात.