आजोबा थट्टा करतात की वेडावतात? ‘टीज’ आणि ‘मॉक’मधला फरक

आठवीतल्या एका मुलाने निबंधात लिहिलं होतं, ‘माय ग्रँडफादर मॉक्स मी एव्हरी डे.’ विषय होता ‘माझी आवडती व्यक्ती’. लाल पेन वहीवर टेकवून मी थांबले. व्याकरण चोख, स्पेलिंग बरोबर, क्रियापदाचा ‘एस’सुद्धा जागच्या जागी. पण ज्या आजोबांवर पोराचा एवढा जीव, ते या एका वाक्यात खलनायक होऊन बसले होते.

“आजोबा नेमकं काय करतात रे?”

“चिडवतात मॅडम. मी चौथी भाकरी मागितली की म्हणतात, यंदा गड्ड्याच्या जत्रेत तुझाच स्टॉल लावू, पोरगं किती खातंय बघायला तिकीट ठेवू.”

म्हणजे आजोबा ‘टीज’ करतात, ‘मॉक’ नव्हे. पोराची चूक म्हणावी तर त्याच्या खिशातल्या शब्दकोशात दोन्ही शब्दांपुढे ‘थट्टा करणे’ असंच छापलेलं. त्यातला सोपा आणि ठसठशीत वाटला तो त्याने उचलला.

मी मुलांना एक साधी युक्ती सांगते. समोरच्याचा चेहरा पडला तर आपण काय म्हणतो? “अगं, थट्टा केली!” इंग्रजीतही अगदी असंच ‘आय वॉज ओन्ली टीझिंग’ म्हणता येतं. पण “अगं, टिंगल केली!” असं म्हणून कुणी माफी मागत नाही. तसं म्हणालात तर भांडण मिटायच्या ऐवजी वाढेल. ‘आय वॉज ओन्ली मॉकिंग यू’ची गत तीच. थट्टा मागे घेता येते, टिंगल कबूल करावी लागते.

आता ‘टीज’चं मूळ सांगते, कारण ते सोलापुरात सांगण्यासारखं आहे. माझे वडील पूर्व भागात यंत्रमागावर होते. त्यांच्या शर्टाच्या खिशात पैशांपेक्षा सुताचे तुकडेच जास्त निघायचे. ‘टीज’ हा शब्द याच धंद्यातला. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता लोकरीचे किंवा अळशीच्या वाखाचे धागे ओढून सुटे करणं, पिंजणं. ‘टीझल’ नावाची एक काटेरी वनस्पती आहे. तिची वाळलेली बोंडं लोकरी कापडावरून फिरवून कापडाची लव उभी करत. माणसाला चिडवणं हा अर्थ बराच उशिरा, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आला. बारीक काट्यांनी हळूहळू ओढत राहायचं, पण कापड फाडायचं नाही. चिडवण्याचं याहून नेमकं वर्णन मला तरी माहीत नाही. ‘टीज आउट’ म्हणजे गुंत्यातून एकेक धागा अलगद सोडवून घेणं, हा जुना अर्थ इंग्रजीत अजून नांदतोय. आपणही पोलिसांनी सगळा परिसर ‘पिंजून काढला’ म्हणतोच की.

जाता जाता, सभेत आरडाओरडा करून वक्त्याला हैराण करण्याचा जो ‘हेकल’, तोही याच घरातला. हेकल म्हणजे अळशीचा वाख विंचरायची लोखंडी दातांची फणी. स्कॉटलंडात निवडणुकीच्या उमेदवाराला भर सभेत प्रश्नांनी भंडावून सोडण्याला तेच नाव पडलं. एक बोंडाचा काटा, दुसरा लोखंडाचा.

‘मॉक’चं कूळ वेगळं. तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्यात सुरुवातीपासून हेटाळणी आहे. पुढे त्याला नकलेचा अर्थही चिकटला. परीक्षेआधीची मॉक टेस्ट, आग लागल्याचं नाटक करणारं मॉक ड्रिल, दारू नसलेलं मॉकटेल, सगळीकडे ‘खऱ्यासारखं, पण खरं नाही’ एवढंच. दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज काढणाऱ्या अमेरिकेतल्या पक्ष्याचं नावही मॉकिंगबर्ड. यात हेटाळणी कुणाचीच नाही. पण हीच नक्कल माणसावर रोखली की ती बोचते. मराठीत त्यासाठी नेमका शब्द आहे, तो आपण पोरांच्या भांडणापुरताच का ठेवलाय कोण जाणे: वेडावणं. “आई, बघ ना गं, हा मला वेडावतोय!” जीभ बाहेर काढून, आवाज चिरका करून त्याच शब्दांची उलट नक्कल. शब्दकोशवाल्यांनी ‘मॉक’पुढे पहिला अर्थ ‘वेडावणे’ छापला असता तर माझा निम्मा लाल पेन वाचला असता.

आणखी एक फरक आहे. ‘टीज’ला चिडणारा जीव समोर लागतो. प्राणिसंग्रहालयात ‘डू नॉट टीज द अ‍ॅनिमल्स’ अशी पाटी असते. माकडाला वाकुल्या दाखवणारा माणूस खरं तर ‘मॉक’ करत असतो, पण पाटीवाल्याला काळजी माकड चवताळण्याची, म्हणून ‘टीज’च बरोबर. ‘मॉक’ला मात्र समोर कुणी नसलं तरी चालतं. पाठीमागे करता येतं, कायद्याचं करता येतं, देवाधर्माचं करता येतं. न्यायाची ‘मॉकरी’ झाली असं अग्रलेखात येतं. न्यायाला कुणी ‘टीज’ केल्याचं मी कुठे वाचलेलं नाही.

पण नक्कल केली की ‘मॉक’ झालंच, असंही नाही. आपलंच उदाहरण घ्या. नवी पेठेत जुना मित्र भेटतो आणि “काय करलालास बे?” म्हणून पाठीत धपाटा घालतो. त्या ‘बे’मध्ये अपमान शोधणारा माणूस सोलापूरचा नव्हे. दोघं मिळून आपल्याच बोलीचा हेल मुद्दाम लांबवून हसतात, तेव्हा ते ‘टीझिंग’. माझा भाचा पुण्यात नोकरीला आहे. तिथे एक सहकारी रोज तेच वाक्य, तोच हेल काढून, चार जणांना ऐकू जाईल असं म्हणायचा. शब्द तेच, ‘बे’ तोच. पण हसणारे चौघे आणि न हसणारा एक, म्हणून ते ‘मॉकिंग’. भाच्याने महिनाभर हसून सोडलं आणि मग ऑफिसात बोलणंच कमी केलं. ‘टीज’मध्ये प्रेम असतंच, असा कुणाचा समज असेल तर तोही काढून टाकावा. शाळेत रोज ‘टीज’ होणारं पोर रडतच घरी येतं. फक्त ‘टीज’मध्ये दोघांनी हसायची वाट उघडी असते. ‘मॉक’मध्ये ती आधीच बंद करून घेतलेली असते.

आपल्याकडे ‘टीज’ची वाट लावली ती ‘ईव्ह टीझिंग’ने. बायबलातल्या पहिल्या स्त्रीचं नाव आणि पुढे चिडवणं, की झाली छेडछाड सौम्य! तमिळनाडूने १९९८ साली कायदा केला तेव्हा त्याच्या नावातच ‘ईव्ह टीझिंग’ होतं. नंतर ते काढून महिलांचा छळ असा स्पष्ट शब्द घातला. ठीक केलं. पाठलाग आणि अंगचटीला जाणं याला ‘टीज’ म्हणणं म्हणजे गुन्ह्याला बोंडाने कुरवाळणं. पण वर्तमानपत्रं वाचून वाढलेल्या पिढीच्या डोक्यात ‘टीज’ म्हटलं की अजून पोलीस चौकीच येते.

त्याचा प्रत्यय लगेच आला. पोराने ‘मॉक्स’ खोडून ‘टीझेस’ केलं आणि वही घरी नेली. दुसऱ्या दिवशी आजोबा स्वतः क्लासच्या दारात. “मॅडम, टीझिंग म्हणजे ते छेडछाडीचं ना? पोरानं माझ्यावर असलं काय लिहिलंय?” मी सगळं समजावलं, पिंजण्यापासून. त्यांनी मान डोलावली, पण समाधान काही दिसलं नाही.

म्हणून मी तिसरा पर्याय दिला, ‘पुल्स माय लेग’. इंग्रजांच्या तोंडी याचा अर्थ खोटंनाटं सांगून गंमत करणं, पण आपल्या देशातल्या इंग्रजीत साध्या थट्टेलाही ‘लेग पुलिंग’ चालतं. पोराने तिथल्या तिथे आजोबांना शब्दाला शब्द लावून मराठीत सांगितलं.

आजोबा उठून उभे राहिले. “मी? मी कधी तुझे पाय ओढले बे?”