हवाई अंतर आणि उड्डाणकाळ

दोन विमानतळांमधले हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलावर त्यांना जोडणाऱ्या बृहद्वृत्ताच्या (गोलाचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाच्या) कंसाची लांबी. सपाट नकाशावर हा सर्वांत जवळचा मार्ग ध्रुवाकडे वाकलेला दिसतो. टोकियो ते न्यूयॉर्क हा कंस अलास्कावरून जातो. जगातले कोणतेही दोन विमानतळ घेतले तरी हे अंतर २०,००० किमीच्या फारसे पुढे जात नाही, कारण पृथ्वीचा परीघच सुमारे ४०,००० किमी आहे. वैमानिक ते नॉटिकल मैलांत मोजतात (१ नॉटिकल मैल = १.८५२ किमी).

अंतर काढायला हॅवरसाइन सूत्र पुरते. अक्षांशांतल्या फरकाच्या निम्म्याचा साइन काढून त्याचा वर्ग करायचा. रेखांशफरकाच्या निम्म्याचेही तसेच करून त्याला दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनने गुणायचे आणि ते आधीच्या वर्गात मिळवायचे. बेरजेच्या वर्गमुळाचा व्यस्त साइन रेडियनमध्ये घेऊन पृथ्वीच्या सरासरी व्यासाने, म्हणजे १२,७४२ किमीने, गुणले की झाले. लंडन हीथ्रो (५१.४७ उ., ०.४५ प.) आणि न्यूयॉर्क केनेडी (४०.६४ उ., ७३.७८ प.) यांच्यासाठी उत्तर येते ५,५४० किमी. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे हे धरले तर आकडा १५ किमीच्या आसपास वाढतो. उत्तर भलतेच आले तर बहुधा पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह द्यायचे राहिलेले असते, किंवा ५१ अंश २८ मिनिटे हे ५१.२८ असे लिहिलेले असते. दुसऱ्या चुकीने विमानतळ वीसेक किलोमीटर सरकतो आणि ती सहसा लक्षातही येत नाही.

वेळेचा हिशेब मात्र अंतरावर थांबत नाही. मोठे जेट विमान स्थिर हवेत ताशी सुमारे ९०० किमीने जाते, म्हणजे वरच्या अंतराला सहा तास दहा मिनिटे. समोरून ताशी १०० किमीचा वारा असेल तर हेच सहा तास पंचावन्न मिनिटे होतात, पाठीमागून असेल तर साडेपाच तास. जाताना गमावलेली वेळ येताना पुरती भरून निघत नाही, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकलेले असते. शिवाय धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे यांसाठी ३०-४० मिनिटे धरावी लागतात. वेळापत्रकातला काळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो आणि त्यात कंपन्या उशिरासाठी थोडी सूटही ठेवतात.

म्हणूनच सर्वांत जवळचा मार्ग नेहमी सर्वांत जलद ठरत नाही. सिंगापूर ते न्यूयॉर्क (सुमारे १५,३५० किमी, १८ तासांहून अधिक) या उड्डाणाचा बृहद्वृत्त-मार्ग उत्तर ध्रुवाजवळून जातो. तरी जेट प्रवाहाचा, म्हणजे खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान हवेच्या पट्ट्याचा, वारा पाठीशी घ्यायला विमान अनेकदा पॅसिफिकवरून, जास्त अंतर कापत जाते. कधी नाइलाजही असतो. २०२२ मध्ये रशियाचे आकाश बंद झाल्यावर हेलसिंकी-टोकियो प्रवास नऊ-साडेनऊ तासांवरून सुमारे तेरा तासांवर गेला. दोन इंजिनांच्या विमानाला तर एक इंजिन बंद पडल्यास ठरावीक मिनिटांत पर्यायी विमानतळ गाठता येईल असाच मार्ग घ्यावा लागतो.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या ठिकाणच्या स्थानिक असतात, त्यामुळे त्यांची थेट वजाबाकी करू नये. दोन्ही वेळा आधी यूटीसीत, म्हणजे जगभर एकच धरल्या जाणाऱ्या प्रमाणवेळेत, आणाव्यात. लंडनहून हिवाळ्यात ११ वाजता निघालेले आठ तासांचे उड्डाण १९:०० यूटीसीला, म्हणजे न्यूयॉर्कच्या घड्याळात दुपारी २ वाजता पोहोचते. मार्चमध्ये मात्र अमेरिका दुसऱ्या रविवारी घड्याळे पुढे करते आणि ब्रिटन शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत फरक पाचऐवजी चार तासांचा असतो.