जनुकीय म्हणजे आनुवंशिक नव्हे: नुडसन आणि ४८ मुलांच्या फायली

कॅन्सर हा जनुकीय आजार आहे असं कुठे वाचलं की पहिला प्रश्न हमखास येतो, म्हणजे घराण्यातून येतो का? आणि पेशंट लहान मूल असेल तर त्या प्रश्नाचा थेट आरोपच होतो, आईकडून आला की वडिलांकडून. मला हे ऐकलं की फार वाईट वाटतं, कारण जनुकीय आणि आनुवंशिक हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो आणि तिथेच सगळा घोळ होतो. जनुकीय म्हणजे पेशीच्या डीएनएमधे बिघाड झालाय, बस. तो बिघाड जन्माआधी आईवडिलांकडून आला की जन्मानंतर एकाच पेशीत झाला हा पूर्ण वेगळा प्रश्न आहे. हा फरक एका माणसाने ५० हून जास्त वर्षांपूर्वी कागद पेन्सिल घेऊन आकडेमोडीतून दाखवला, तेव्हा त्यामागचं जनुक कुणी पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

अल्फ्रेड नुडसन, जन्म १९२२, लॉस एंजेलिस. कॅलटेक या कॅलिफोर्नियातल्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेतून बीएस, मग १९४७ ला कोलंबिया युनिव्हर्सिटीतून एमडी, लहान मुलांचा डॉक्टर, आणि तरी परत कॅलटेकला जाऊन १९५६ ला पीएचडी. असा दोन्हीकडे पाय असलेला माणूस तेव्हा विरळाच. कॅन्सर होण्यासाठी एका पेशीत सहा-सात बिघाड एकामागून एक जमावे लागतात, म्हणून तो म्हातारपणी जास्त दिसतो, असं गणित १९५० च्या दशकात मांडलं गेलं होतं. मोठ्यांच्या बाबतीत ते पटतं, पण दीड वर्षाच्या बाळाला सात बिघाड जमवायला वेळ मिळाला कधी? नुडसनला वाटलं की इथे पायऱ्या कमी असणार, आणि पायऱ्या कमी असतील तर त्या मोजताही येतील.

त्याने निवडला रेटिनोब्लास्टोमा, डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एक, आणि बहुतेक वेळा वयाच्या पाचव्या वर्षाच्या आत. फ्लॅश मारून फोटो काढला की डोळ्याची बाहुली लाल दिसायच्या ऐवजी पांढरी चमकते, कित्येकदा ते आईवडिलांनाच आधी दिसतं (असं दिसलं तर थांबू नका, डोळ्याच्या डॉक्टरला लगेच दाखवा). काही मुलांना एकाच डोळ्यात एकच गाठ होते आणि घरात कुणालाच नसते, काहींना दोन्ही डोळ्यांत, अनेक गाठी, आणि त्याही लवकर, साधारण वर्षाच्या आसपास, तर एका डोळ्यावाल्यांना साधारण दोन वर्षाच्या आसपास. डॉक्टरांना हे माहीत होतं पण का ते कुणी सांगत नव्हतं. नुडसन तेव्हा ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन हॉस्पिटलमधे होता, तिथल्या ४८ मुलांच्या नोंदी त्याने काढल्या आणि मुख्यतः दोन गोष्टी बघितल्या, निदान कितव्या महिन्यात झालं आणि गाठी एका डोळ्यात की दोन्ही डोळ्यांत.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. त्याने आलेख काढला, आडव्या अक्षावर वय महिन्यांत आणि उभ्या अक्षावर त्या वयापर्यंत अजून निदान न झालेल्या मुलांचं प्रमाण, उभा अक्ष लॉग स्केलचा, म्हणजे दर पायरीला आकडा ठरावीक पटीने बदलणारा. शाळेत किरणोत्सारी पदार्थाचं अर्धायुष्य शिकलो ते आठवा, ठरावीक वेळात निम्मे अणू फुटतात, मग तेवढ्याच वेळात उरलेल्यातले निम्मे, कारण प्रत्येक अणू फुटायची शक्यता दर क्षणाला तेवढीच असते, त्याला आधीचं काही आठवत नाही. अशी गोष्ट लॉग स्केलवर काढली की सरळ रेषा येते. दोन डोळेवाल्या मुलांची रेषा जवळजवळ सरळ आली! म्हणजे त्यांच्यात फक्त एका घटनेची, एका बिघाडाची, वाट बघणं चालू होतं. एका डोळ्यावाल्यांची रेषा मात्र आधी सपाट आणि मग खाली वळणारी, कारण तिथे आधी पहिली घटना घडायला हवी, मग तशा बिघडलेल्या पेशी हळूहळू वाढत जाणार, आणि त्यातल्याच एखादीत दुसरी घटना घडणार, म्हणून गाठ होण्याची शक्यता वयाच्या वर्गाप्रमाणे वाढते. अशा प्रत्येक घटनेला फटका म्हणूया, एक फटका तर सरळ रेषा, दोन फटके तर वळण. ज्यांच्यात एकच हवा होता त्यांचा पहिला फटका गेला कुठे? तो जन्मतःच होता, शरीरातल्या प्रत्येक पेशीत.

अजून एक गंमत आहे, थोडं गणित आहे पण सोडू नका. पाऊस नुकताच सुरू झाल्यावर अंगणातल्या फरश्यांकडे बघा, प्रत्येक फरशीवर सरासरी तीन थेंब पडले असं धरलं तरी कुठे पाच असतात, कुठे एक, आणि काही फरश्या अगदी कोरड्या. अशा योगायोगाने पडणाऱ्या गोष्टींचा हिशोब करणारं पॉयसाँचं सूत्र सांगतं की सरासरी तीन असेल तर कोरड्या राहणाऱ्या फरश्या ५ टक्के. नुडसनने हिशोब केला की पहिला फटका वारशाने मिळालेल्या मुलाला सरासरी तीन गाठी होतात. म्हणजे साधारण ५ टक्के मुलं वारसा असूनही अजिबात आजारी पडणार नाहीत, निव्वळ नशिबाने. एका डोळ्याची सरासरी धरा दीड, मग एक डोळा कोरडा राहायची शक्यता २२ टक्के, त्यावरून दोन्ही डोळ्यांत गाठी असणारे सुमारे ६० टक्के आणि एकाच डोळ्यात असणारे ३५ टक्के येतात. कुटुंबांच्या नोंदींत दिसत होतं ते याच्याशी बऱ्यापैकी जुळत होतं. आजोबांना आजार, वडील ठणठणीत, नातवाला परत आजार, हे कोडं सुटलं, वडील ही कोरडी राहिलेली फरशी.

हा पेपर एप्रिल १९७१ मधे आला, फक्त चार पानांचा. पुढे त्याने मूत्रपिंडाच्या विल्म्स ट्यूमरवर आणि न्यूरोब्लास्टोमा या लहान मुलांच्या मज्जापेशींच्या कॅन्सरवरही असाच विचार केला, १९७६ ला फिलाडेल्फियाच्या फॉक्स चेस कॅन्सर सेंटरला गेला आणि मग तिथलाच झाला.

पण दोन फटके बसतात ते नेमके कुठे? आपल्याकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची, आणि फटका एकेका प्रतीला बसतो. १९८३ मधे वेब्स्टर कॅव्हेनी आणि सहकाऱ्यांनी एकाच मुलाचं रक्त आणि त्याचीच गाठ यांचा डीएनए शेजारी ठेवून तपासला, रक्तात १३ व्या गुणसूत्राच्या दोन वेगवेगळ्या आवृत्त्या दिसत होत्या आणि अनेक गाठींमधे मात्र एकच उरली होती. पेशी विभागताना चांगली प्रत असलेलं गुणसूत्र हरवून बसली, कधीकधी तर उरलेल्या खराब गुणसूत्राचीच दुसरी नक्कल करून जोडी पूर्ण केली. १९८६ ला ते जनुक हातात आलं, आरबी१, आणि त्याचं काम निघालं ब्रेकचं. आरबी प्रोटीन ई२एफ नावाच्या प्रोटीन्सना धरून ठेवतं, ती सुटली की पेशी डीएनएची नक्कल करायला घेते आणि विभागते, विभागायची खरंच वेळ आली की आरबीवर फॉस्फेट चिकटवले जातात आणि ते पकड सोडतं. एक प्रत चांगली असेल तर ब्रेक लागतो, दोन्ही गेल्या की पकडायला कुणीच नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारणीभूत एचपीव्ही विषाणू तर जनुकाला हातही लावत नाही, त्याचं ई७ प्रोटीन थेट आरबीलाच अडकवून ठेवतं, म्हणजे वेगळ्या रस्त्याने तोच ब्रेक निकामी!

म्हणूनच मेंडेलच्या भाषेत हा आजार विचित्र वाटतो, घराण्यात बघितलं तर प्रभावी, म्हणजे एक खराब प्रत मिळाली तरी पुरते आणि ती मुलाकडे जायची शक्यता निम्मी, आणि पेशीत बघितलं तर अप्रभावी, म्हणजे दोन्ही प्रती खराब व्हाव्या लागतात. आणि ‘कॅन्सरचं जनुक सापडलं’ अशी बातमी आली की मी म्हणूनच वैतागतो, आरबी१ कॅन्सर करण्यासाठी नाहीच, ते थांबवण्यासाठी आहे आणि तुमच्या माझ्या प्रत्येक पेशीत आहे.

दुसरा फटका, आणि वारसा नसलेल्या मुलांत दोन्ही फटके, बहुतेक वेळा पेशी विभागताना होणाऱ्या चुकांमुळे बसतात. पडद्याच्या पेशी वाढत्या बाळात लाखोंनी तयार होतात, तिथे एखादी चूक राहतेच. यात कुणाची दृष्ट लागत नाही, मागच्या जन्मीचं पाप नसतं, आई गरोदरपणी काही चुकली असंही नसतं, आणि ‘डीएनए शुद्ध करणारं’ म्हणून जे विकतात त्याने एकही अक्षर दुरुस्त होत नाही. बाळ आजारी असताना आईला असं काही ऐकवणं हा निव्वळ क्रूरपणा आहे.

नुडसनला १९९८ मधे वैद्यकीय संशोधनासाठीचा लास्कर पुरस्कार मिळाला, २०१६ मधे ९३ व्या वर्षी तो गेला. त्याच्या आलेखातून निघालेल्या कल्पनेचा उपयोग आज रोज होतो. ज्या मुलांत पहिला फटका सगळ्या पेशींत आहे त्यांना पुढे हाडांच्या कॅन्सरचाही धोका जास्त असतो आणि रेडिएशनने तो अजून वाढतो, म्हणून त्यांच्यात रेडिएशन शक्यतो टाळतात. आणि ‘आमच्या दुसऱ्या बाळालाही होईल का’ या प्रश्नाला आता अंदाजाने उत्तर द्यावं लागत नाही. गाठीतले दोन्ही बिघाड आधी शोधतात, मग तेच दोन बिघाड मुलाच्या रक्तात आहेत का ते बघतात. एक जरी सापडला तर भावंडांचीही रक्ततपासणी, आणि त्यांच्यात निघाला तर अगदी जन्मापासून ठरावीक दिवसांनी डोळे बघायचे, म्हणजे गाठ मोहरीएवढी असतानाच लेझरने जाळता येते. रक्तात दोन्हींपैकी एकही नसेल तर बिघाड बहुतेक वेळा त्या एका डोळ्यात सुरू होऊन तिथेच राहिलेला असतो, आणि धाकट्या भावंडाला दर काही आठवड्यांनी भूल देऊन डोळे तपासायची गरज उरत नाही.