शहरव्यापी आरोग्य उपक्रम (नागपूर)

शहरातील रहिवाशांनी रोज थोडेफार चालावे, बेताने खावे, तंबाखूपासून दूर राहावे आणि वेळेवर तपासण्या करून घ्याव्यात, यासाठी महापालिका, दवाखाने, शाळा आणि मोहल्ल्यातील मंडळे जे काम मिळून करतात, त्याला शहरव्यापी आरोग्य उपक्रम म्हणतात. आजार होण्याआधीच त्याची कारणे कमी करणे हा त्याचा हेतू असतो. नागपुरात अशा उपक्रमाची खरी परीक्षा दोन ठिकाणी होते : उन्हाळ्यात आणि पानठेल्यावर. ही दोन ठिकाणे सोडून आखलेला कार्यक्रम या शहरात अर्धाच राहतो.

‘निरोगी शहर’ ही कल्पना कॅनडातील टोरांटो येथे १९८४ साली झालेल्या परिषदेतून पुढे आली. आरोग्यसंवर्धनाविषयीच्या १९८६ च्या ओटावा जाहीरनाम्याने तिला तात्त्विक आधार दिला आणि जागतिक आरोग्य संघटनेने युरोपात त्या धर्तीवर काम सुरू केले. कोलंबियातील बोगोटा शहरात त्याच्याही आधीपासून, १९७४ पासून, काही मोठे रस्ते रविवारी मोटारींना बंद ठेवून सायकलस्वारांना आणि पायी फिरणाऱ्यांना मोकळे केले जातात. अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटीच्या महापौरांनी २००७ च्या अखेरीस साऱ्या शहराला वजन कमी करण्याचे आवाहन केले. नागरिकांनी स्वतः नोंदवलेली घट २०१२ मध्ये दहा लाख पौंडांवर, म्हणजे सुमारे साडेचार लाख किलोंवर पोहोचली. पण त्या शहराने तेवढ्यावर न थांबता पदपथ, पायवाटा आणि उद्याने बांधायला घेतली, आणि बाकीच्या शहरांनी घ्यावा तो धडा हाच आहे. चालायला जागा नसलेल्या माणसाला चालण्याचा उपदेश करून काही साधत नाही.

भारतात या कामाची निकड आकडेवारीवरून कळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह आणि ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे. २९ ऑगस्ट २०१९ रोजी सुरू झालेली ‘फिट इंडिया’ चळवळ आणि २०१५ पासून २१ जूनला पाळला जाणारा आंतरराष्ट्रीय योग दिन हे राष्ट्रीय पातळीवरचे प्रयत्न होत.

नागपुरात मात्र योगवर्गांची परंपरा योग दिनाच्या कितीतरी आधीची आहे. योगमूर्ती जनार्दनस्वामींनी विसाव्या शतकाच्या मध्यास येथे योगप्रसाराचे काम उभे केले. रामनगर येथील जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ ते काम आजही चालवते. वर्ग निःशुल्क असतात, शिकवणारे स्वयंसेवक असतात आणि शाळा, देवळाचा सभामंडप, उद्यान अशा घराजवळच्या जागी ते भरतात. घराजवळची जागा, ठरलेली वेळ, ओळखीची माणसे आणि शून्य खर्च या चार गोष्टी जमल्या की सवय टिकते. कोणत्याही नव्या योजनेने हा नमुना आधी नीट पाहावा.

सकाळचे फिरणे ही या शहराची दुसरी जुनी सवय. सेमिनरी हिल्स, फुटाळा, अंबाझरी, महाराजबाग आणि सिव्हिल लाइन्सचे झाडीचे रस्ते पहाटेपासून माणसांनी भरलेले असतात. प्रौढांनी आठवड्यातून निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. या परिसरात राहणाऱ्याला ती पाळणे अवघड नाही. पण वर दिलेली ठिकाणे बहुतेक पश्चिम नागपुरातली आहेत. इतवारी, महाल, मोमिनपुरा, गांधीबाग या जुन्या वस्त्यांत गल्ल्या अरुंद, वाहने दाट आणि पदपथ दुकानांनी व्यापलेले. महापालिकेचे दहा झोन आहेत. मोकळ्या जागांची वाटणी त्यांच्यात सारखी नाही. आरोग्य उपक्रमाचा पैसा आधी कुठे खर्च व्हावा, याचे उत्तर या असमानतेतच आहे.

सायकलींबाबत शहराने काही पाऊल उचलले आहे. केंद्र सरकारच्या ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ स्पर्धेत निवडल्या गेलेल्या ११ शहरांत नागपूर होते. तरीही वेगळी आखलेली मार्गिका आणि तिच्यावर उभी न राहणारी चारचाकी या दोन्ही गोष्टी एकत्र मिळाल्याशिवाय शाळकरी मुलांना सायकलवर धाडायला पालक धजावत नाहीत.

उन्हाळा हा नागपुरात आरोग्याचा स्वतंत्र अध्याय आहे. मे २०१३ मध्ये येथे ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. एप्रिलपासून नवतपा (मेअखेरीस सुरू होणारे कडक उन्हाचे नऊ दिवस) सरेपर्यंत सकाळी लवकर आटोपलेले फिरणेच हितकर ठरते. दुपारी डोक्याला दुपट्टा, घरात कूलर, हाताशी पन्हे किंवा ताक हे घरोघरचे शहाणपण झाले. बांधकामावरचे मजूर, ऑटोचालक, हातगाडीवाले यांना ते पुरत नाही. अहमदाबादच्या धर्तीवर नागपुरातही २०१६ पासून उष्णता कृती आराखडा राबवला जातो. तापमानाच्या अंदाजानुसार इशारे देणे, पाणपोया लावणे, दुपारी सावलीसाठी उद्याने उघडी ठेवणे, रुग्णालयांत उष्माघाताच्या रुग्णांसाठी थंड कक्ष ठेवणे, असे त्याचे स्वरूप. हा आराखडा आरोग्य उपक्रमाचा कणा मानायला हवा, कारण उष्माघात टाळता येतो आणि टाळला नाही तर काही तासांत जीव घेतो.

उन्हाळ्याचे शेपूट पावसाळ्यात लांबते. वापर थांबल्यावर कूलरच्या टाकीत उरलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणारे एडिस डास अंडी घालतात. डासाची वाढ पूर्ण व्हायला आठवडाभर लागतो. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून टाकी रिकामी करणे, घासणे आणि पुसणे हा सोपा उपाय आहे. नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही, कारण अंडी टाकीच्या कडेला चिकटलेली राहतात.

सर्वांत कठीण काम खर्ऱ्याचे. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा विदर्भात कामगार, विद्यार्थी, नोकरदार अशा सगळ्यांत चालतो. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पुढे सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीही तिच्या कक्षेत आली. पण खर्रा ठेल्यावर गिऱ्हाइकासमोर बनतो, त्यामुळे पाकिटावरची बंदी त्याच्यापर्यंत सहज पोहोचत नाही. २०१६–१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील तंबाखूसेवन करणाऱ्यांत धूरविरहित तंबाखूचेच प्रमाण फार मोठे आढळले. धूम्रपान त्या मानाने कमी. म्हणजे विडी-सिगारेटविरोधी फलक लावून येथले काम भागणार नाही.

खर्ऱ्यातला तंबाखू काढला तरी धोका उरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीलाच कर्करोगकारक ठरवले आहे. सुपारीमुळे तोंडाच्या आतले अस्तर कडक होत जाते आणि जबडा उघडेनासा होतो. याची सुरुवातीची एक खूण नागपूरकराला चटकन ओळखता यावी : रोजचे तिखट झोंबू लागते. सावजी रस्सा आणि तर्री-पोह्यांवर वाढलेल्या माणसाला साधी भाजीही जळजळू लागली, तर त्याने ताबडतोब तोंड तपासून घ्यावे. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात मावतात का, ही घरच्या घरी करण्याजोगी चाचणी. मावत नसतील तर दंतवैद्याकडे जावे. शासकीय दंत महाविद्यालयात अशी तपासणी होते. कडक झालेले अस्तर पूर्ववत होत नाही, पण खर्रा सोडल्यास पुढची हानी थांबू शकते. तोंडात बरी न होणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दिसल्यास उशीर करू नये. शाळा-महाविद्यालयांत ही माहिती आरशासमोर उभे करून द्यायला हवी.

आहाराच्या बाबतीत बंदीची भाषा येथे चालत नाही आणि तिची गरजही नाही. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ ही सर्वमान्य मर्यादा. लोणचे, पापड, फरसाण आवरले तर तिच्या जवळ जाता येते. तर्रीचा तवंग कमी घेऊनही पोहे पोहेच राहतात. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि हंगामात संत्री हे वैदर्भीय ताट मुळातच चांगले आहे.

तीस वर्षांवरील व्यक्तींची रक्तदाब, रक्तशर्करा आणि तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमाखाली नागरी आरोग्य केंद्रांत विनामूल्य होते. आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन नोंदी करतात. २०२३ पासून राज्यात सुरू झालेल्या ‘आपला दवाखाना’ केंद्रांची वेळ संध्याकाळपर्यंत आणि रात्रीपर्यंत ठेवण्यात आली, कारण रोजंदारीवर जाणारा माणूस दिवसाची मजुरी बुडवून तपासणीला येत नाही.