वाळवंटात जाणारे बूट मुंबईत निवडताना

फलोदीजवळचे भडला सौर उद्यान, बाडमेरच्या तेलविहिरी, कच्छमधला खावड्याचा ऊर्जाप्रकल्प किंवा आखाती देशांतली बांधकामे अशा ठिकाणी मुंबईतले अनेक अभियंते, सर्वेक्षक आणि तंत्रज्ञ कामासाठी जातात. रुजू होण्याचे पत्र आले की सामानाची यादी होते आणि जाण्याच्या आदल्या आठवड्यात दादर किंवा वांद्र्याच्या एखाद्या दुकानातून दणकट दिसणारे बूट घेतले जातात. दणकटपणा हा निकष चुकीचा नाही, पण अपुरा आहे. ज्या हवेत आपण बूट घालून पाहतो आणि ज्या हवेत ते रोज दहा-बारा तास पायात राहणार असतात, त्या दोन हवांचे गुणधर्म जवळजवळ उलटे असतात. त्यामुळे बुटाच्या बाबतीत उष्णता, पाणी आणि वय या तीन गोष्टींचा विचार मुंबईतच करून ठेवावा लागतो.

१९ मे २०१६ रोजी फलोदी येथे ५१ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. हे तापमान जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, सावलीतल्या हवेचे असते. पाय मात्र जमिनीवर असतात, आणि भर उन्हात वाळूचा किंवा डांबराचा पृष्ठभाग ६५ ते ७० अंशांपर्यंत तापू शकतो. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी १९४७ मध्ये दाखवून दिले की ४४ अंशांच्या पृष्ठभागाशी सलग सहा तास संपर्क राहिला तर त्वचा भाजते, आणि ६० अंशांना त्यासाठी सुमारे पाच सेकंद पुरतात. म्हणजे बुटाच्या तळाने उष्णता पूर्ण अडवली नाही तरी चालेल, पण आतल्या पृष्ठभागाचे तापमान दिवसभर चाळिशीच्या आसपास रोखून धरणे आवश्यक ठरते. घट्ट रबर हे तसे उष्णतेचे मंद वाहक आहे, मात्र हवेचे सूक्ष्म बुडबुडे असलेला फोम त्याहूनही मंद वाहक असतो. म्हणून बाहेर झीज सोसणारे रबर आणि आत फोमचा थर अशी दुहेरी रचना या कामाला सर्वांत योग्य वाटते. तळ वाटेल तितका जाड करता येत नाही, कारण पायातल्या वजनाची किंमत मोठी असते. चालताना पायात वाहिलेल्या एका किलोसाठी पाठीवरच्या एका किलोच्या सुमारे पाचपट ऊर्जा खर्च होते, आणि ती ऊर्जा शेवटी अंगात उष्णता होऊनच साठते.

तापलेली जमीन आणखी एक गोष्ट बिघडवते, ती म्हणजे तळ आणि वरचे चामडे जोडणारा गोंद. पादत्राणांसाठी वापरले जाणारे अनेक गोंद ६०-७० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात. केवळ चिकटवलेला बूट दुपारच्या वाळूत चवड्यापाशी उकलतो, तो याच कारणाने. कडेने शिवलेला बूट महाग पडतो, पण त्याची शिलाई तापमानाला दाद देत नाही आणि उसवली तरी जवळच्या गावातला कारागीर ती पुन्हा घालू शकतो. शंभर किलोमीटरच्या परिसरात बुटाचे दुकान नसेल, तर केवळ या एका गुणासाठी जास्त पैसे मोजावेत, असे मला वाटते.

आता पाण्याकडे वळू. शरीरावर घामग्रंथींची दाटी तळहात आणि तळपायांवर सर्वाधिक असते. उघड्या त्वचेवरचा एक ग्रॅम घाम वाफ होताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो आणि आपल्याला गारवा मिळतो, पण बंद बुटात वाफेला बाहेर जायची वाट मिळाली नाही तर घाम मोज्यातच मुरतो. वाफ बाहेर ढकलली जाते ती आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातल्या फरकामुळे. ३५ अंश तापमानाच्या दमट बुटात हा दाब सुमारे ५.६ किलोपास्कल असतो. जुलैमधल्या मुंबईत, २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असताना, बाहेरच्या हवेत तो सुमारे ३.२ असतो. बाडमेरच्या ४२ अंश आणि १० टक्के आर्द्रतेच्या दुपारी तो जेमतेम ०.८ असतो. म्हणजे तोच बूट वाळवंटात मुंबईच्या साधारण दुप्पट जोराने वाफ बाहेर टाकू शकतो, अट एवढीच की त्याच्या वरच्या भागातून वाफ जाऊ शकली पाहिजे. जलरोधक पापुद्रा, जाड रंगलेप किंवा रेक्झिनचे अस्तर असेल, तर कोरड्या हवेने देऊ केलेला हा फायदा आपण स्वतःच नाकारतो.

याचा अर्थ जाळीदार बूट घ्यावेत असा नाही. जाळीतून वाफ जाते तशी बारीक वाळू आत येते, घामाने ओल्या मोज्यावर बसते आणि खरकागदाचे काम करते. व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकी सैनिकांच्या जंगल-बुटांना पाणी निघून जाण्यासाठी आतल्या बाजूस छिद्रे ठेवली होती. वाळवंटासाठी पुढे आलेल्या बुटांत ती छिद्रे काढून टाकण्यात आली. कोरड्या प्रदेशासाठी उत्तम पर्याय म्हणजे लेप न दिलेले, खरखरीत बाजू बाहेर असलेले फिकट रंगाचे चामडे आणि घोट्यापाशी विणलेले कापड. फिकट रंग काळ्यापेक्षा ऊन कमी शोषतो. कच्छच्या रणात मात्र जमीन खारट आणि जागोजागी दलदलीची असते, तिथे लोखंडी नाडीकड्या लवकर गंजतात, त्यामुळे त्या पितळेच्या किंवा प्लास्टिकच्या असलेल्या बऱ्या.

मुंबईकरांनी सर्वांत अधिक लक्ष द्यावे असा मुद्दा बुटाच्या वयाचा आहे. हलके, मऊ आणि सुखकर वाटणारे बरेच तळ पॉलियुरेथेनचे असतात. या बहुवारिकाचा (पॉलिमरचा) पॉलिएस्टर प्रकार हवेतल्या बाष्पाशी हळूहळू अभिक्रिया करतो, त्याच्या लांब साखळ्या तुटत जातात आणि उष्णतेने हा वेग वाढतो. या प्रक्रियेला जलअपघटन म्हणतात. बूट खोक्यात नुसता ठेवला तरी ती थांबत नाही. उलट समुद्राकाठच्या दमट घरात चार पावसाळे काढलेला कोरा करकरीत जोड बाहेरून निर्दोष दिसतो आणि कामाच्या पहिल्याच आठवड्यात त्याच्या तळाचे तुकडे पडू लागतात. पॉलिइथर प्रकार बाष्पाला बराच अधिक टिकतो, पण कोणता प्रकार वापरला आहे हे सहसा बुटावर लिहिलेले नसते. म्हणून निर्मितीची तारीख पाहावी. खोक्यावरच्या किमतीच्या चिठ्ठीवर महिना आणि वर्ष छापलेले असते. शिवाय अनेक बुटांच्या तळाला, टाच आणि चवडा यांच्या मधल्या खोलगट भागात, एक छोटी गोल तबकडी उमटवलेली दिसते. तिच्या कडेला १ ते १२ आकडे, मध्ये वर्षाचे दोन अंक आणि महिन्याकडे रोखलेला बाण असतो. सवलतीच्या ढिगातला बूट उचलताना ही तबकडी जरूर वाचावी, तळ हाताने पूर्ण वाकवून पाहावा आणि बारीक भेगा किंवा चिकट पावडर दिसली तर तो खाली ठेवावा.

कामाच्या जागी सुरक्षा-बूट सक्तीचे असतील तर आयएस १५२९८ या भारतीय मानकाची खूण शोधावी. त्यातली पुढची टोपी २०० ज्यूलचा आघात सोसते, म्हणजे साधारण २० किलोची वस्तू एक मीटरवरून पडली तरी बोटे वाचतात. सुरक्षा-बुटांच्या वर्गांपैकी एस३ हा एस१ पेक्षा वरचा समजून बरेच जण तोच मागतात, पण त्यात पाणी रोखणारा वरचा भाग अंतर्भूत असतो. कोरड्या प्रदेशात एस१ आणि सोबत तळाच्या भेदनरोधकतेची पी ही खूण अधिक सोयीची ठरते. या खुणेचा तळ १,१०० न्यूटन बलाने रेटलेला खिळा अडवतो, आणि कच्छ-राजस्थानात सर्वत्र पसरलेल्या विलायती बाभळीच्या काट्यांपासूनही तो चांगले संरक्षण देतो.

उष्णतेत पायातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पाय सुजतो, म्हणून बूट संध्याकाळी, दिवसभर चालून झाल्यावर, कामावर वापरायचे तेच मोजे घालून पाहावेत. सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी आणि टाच मात्र वर उचलली जाऊ नये. फोड येतात ते ओलसर त्वचेवर घर्षण वाढल्यामुळे. सुती मोजा घाम धरून ठेवतो. बारीक लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा मोजा तो त्वचेपासून दूर नेतो, आणि दुपारी मोजे बदलण्याची सवय कोणत्याही महागड्या बुटाइतकी उपयोगी पडते.

घोट्याच्या वर जाणारा बूट फुरशासारख्या जमिनीलगत दंश करणाऱ्या सापांपासून बऱ्यापैकी आडोसा देतो. सकाळी पाय घालण्यापूर्वी बूट उलटा करून आपटावा, कारण विंचू अशाच जागी दडतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ करण्यापूर्वी लाल विंचवाच्या दंशाने कोकणात अनेकांचे प्राण जात असत. सामानात नाड्यांचा जास्तीचा जोड, मेणदोरा, जाड सुई आणि काढता येणारे आतले तळवे असावेत. हे तळवे रात्री बाहेर काढून ठेवले की बूट सकाळपर्यंत कोरडा होतो, मात्र तो शेकोटीजवळ किंवा इंजिनावर ठेवू नये. ओले चामडे एकाएकी तापले की आकसते आणि कडक होऊन चिरते.