आपला काँट्रा हळू का वाजायचा: गेमचं म्युझिक वाजवणाऱ्या रॉक बँड्सची पार्श्वभूमी

मागच्या महिन्यात पुण्यात सहकारनगरला एका मित्राच्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये ओळखीतल्या चौघांची प्रॅक्टिस ऐकायला गेलो होतो. दोन गिटार, एक बास, एक ड्रम किट, चौघंही दिवसा हिंजवडीत आणि रात्री गॅरेजात, आणि वाजवत काय होते तर काँट्रा ह्या जुन्या व्हिडिओ गेमच्या पहिल्या लेव्हलचं म्युझिक, ती जंगलवाली. तेवढ्यात गिटारवाल्याची आई चहा घेऊन आली, दारातच थांबली आणि म्हणाली, "हे त्या बंदुकवाल्या गेमचं ना रे? दहावीला तुझा अ‍ॅडाप्टर तांदळाच्या डब्यात लपवला होता मी." आणि जाता जाता, "पण केवढं पळवताय!"

सगळे हसले, ड्रमर सोडून, कारण तो गेले दोन आठवडे हेच बोंबलत होता. गिटारवाला मोबाईलवर मूळ जपानी काँट्रा लावून दाखवायचा की बघ एवढाच स्पीड आहे, आणि ड्रमर म्हणायचा अरे पण आपण लहानपणी हे असं ऐकलेलंच नाही. गंमत म्हणजे दोघंही बरोबर होते. ते कसं हे सांगायला थोडं मागे जावं लागेल, आणि मागे गेलंच आहे तर हे असले बँड मुळात आले कुठून तेही सांगून टाकतो.

सुरुवात गेमच्या मशीनपासून. निन्टेन्डोचा फॅमिकॉम, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचा सेट, जपानमध्ये १९८३ च्या जुलैत आला, अमेरिकेत तोच एनईएस नावाने १९८५ मध्ये. त्याच्या चिपमध्ये आवाजासाठी एकूण पाच वाटा: दोन पल्स वेव्ह, एक ट्रँगल वेव्ह, एक नॉइज, आणि पाचवी छोटे रेकॉर्ड केलेले तुकडे वाजवायची, जी बऱ्याच गेम्सनी वापरलीच नाही कारण तुकडे ठेवायला कॅसेटमध्ये जागा कुठे होती, अख्खा सुपर मारिओ ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे, आज आपण व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी फॉरवर्ड करतो तो गुलाबाचा फोटोसुद्धा त्याहून मोठा असतो. म्हणजे कामाच्या वाटा चार. आता त्या चार वाटा नीट बघा: दोन पल्स म्हणजे मेन सूर आणि त्याची जोडी, ट्रँगल म्हणजे खालचा बास, आणि नॉइज म्हणजे खसखस करणारे ड्रम. दोन गिटार, बास, ड्रम. कोणी ठरवून केलेलं नाही हे, पण त्या चिपच्या आत एक रॉक बँड आधीच बसलेला होता, पुढच्या पोरांनी फक्त त्याला बाहेर काढून अँप लावले.

आणि त्या चौघांना बांधून ठेवणारे नियम भलते कडक होते. एका पल्सवर एका वेळी एकच सूर, म्हणजे कॉर्ड वाजवायचा तर त्यातले सूर इतक्या पटापट एकामागून एक वाजवायचे की कानाला ते एकत्र वाटावेत, तो जो टर्रर्र असा गेमचा टिपिकल आवाज आहे ना तो ह्या कंजुषीतून आलेला आहे. घुमारा हवा असेल तर दुसरी पल्स पहिलीच्या मागे किंचित उशिरा आणि हळू वाजवायची. ट्रँगलला तर आवाज कमी-जास्त करायची सोयच नाही, एक तर चालू नाही तर बंद, त्यामुळे बासचे सूर सगळे एकाच जोराने. शिवाय तुम्ही उडी मारली किंवा गोळी झाडली की तो आवाजही ह्याच वाटांमधून जाणार, म्हणजे संगीताचा एक वादक तेवढ्यापुरता मध्येच उठून जातो आणि परत येऊन बसतो.

हे संगीत लिहिणारी माणसंसुद्धा रॉक आणि जपानी फ्यूजन (जॅझ आणि रॉकची मिसळ) ऐकत वाढलेली होती. मारिओचा कोजी कोंडो १९८४ मध्ये निन्टेन्डोत लागला, त्याआधी तो कव्हर बँडमध्ये वाजवायचा. आणि तरी बऱ्याच जणांची खरी नावं गेमच्या शेवटी येतच नव्हती, १९८६ च्या कॅसलव्हेनियाचं संगीत किनुयो यामाशिता आणि सातोए तेराशिमा ह्या दोघींनी केलेलं, पण शेवटच्या पाटीवर नाव काय तर 'जेम्स बनाना'. पहिल्या मेगा मॅनची मानामी मात्सुमाए, फॅमिकॉमच्या काँट्राचे हिदेनोरी माएझावा आणि कियोहिरो सादा, ही नावं आपल्यापैकी किती जणांनी ऐकलीयत? ट्यून मात्र झोपेतून उठवून विचारा, वाजवून दाखवू.

स्टेजवर हे पहिलं आणलं जपान्यांनीच. यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा ह्या बँडच्या १९७८ च्या पहिल्या अल्बममध्येच आर्केड मशीनच्या आवाजांची नक्कल करणारे तुकडे आहेत, त्यांच्यातल्याच हारुओमी होसोनोने १९८४ मध्ये नामकोच्या गेम्सचं संगीत घेऊन एक आख्खा अल्बम काढला. मग कंपन्यांनी स्वतःच्याच ऑफिसातल्या लोकांचे बँड उभे केले, टायटोचा झुनटाटा, सेगाचा एस.एस.टी. बँड. म्हणजे दिवसा गेमला संगीत द्यायचं आणि संध्याकाळी तेच गिटार-कीबोर्डवर स्टेजवर वाजवायचं. सेगाकडे तर माल तयारच होता, १९८६ च्या आउटरनमध्ये गाडी सुरू करायच्या आधी रेडिओवर गाणं निवडायला मिळायचं आणि हिरोशी कावागुचीच्या त्या चाली सरळसरळ फ्यूजन बँडच्याच होत्या. नंतर फायनल फँटसीवाल्या नोबुओ उएमात्सुनेही २००३ मध्ये द ब्लॅक मेजेस नावाचा बँड घेऊन स्वतःच्याच लढाईच्या धून हेवी मेटलमध्ये वाजवल्या, तीन अल्बम झाले, २०१० मध्ये बँड मोडला. माझं वैयक्तिक मत, पहिला अल्बम सगळ्यात चांगला, त्यात थोडा गोंगाट आहे आणि तोच हवाय.

पण ह्या सगळ्यात कंपनीचा हात होता. आपण ज्याला गेम कव्हर बँड म्हणतो, म्हणजे कंपनीशी काही संबंध नसलेली चार पोरं, लहानपणी खेळलेले गेम, आणि कानाने ऐकून बसवलेली गाणी, ते प्रकरण खऱ्या अर्थाने अमेरिकेत नव्वदच्या शेवटाला आणि २००० च्या आसपास सुरू झालं. अ‍ॅरिझोनाचे मिनीबॉसेस (नाव पण बघा, मेन राक्षसाच्या आधी येणारा छोटा राक्षस), कॅलिफोर्नियातल्या नेवाडा सिटी नावाच्या छोट्या गावातले द अ‍ॅडव्हान्टेज, बॉस्टनकडचे पॉवरग्लव्ह. एनईएसवर खेळलेली पिढी तेव्हाच कॉलेजात पोचली होती आणि हातात गिटार आली होती, बाकी काही गूढ कारण नाही. १९९९ मध्ये ओव्हरक्लॉक्ड रीमिक्स ही गेमच्या गाण्यांच्या रीमिक्सची वेबसाइट सुरू झाली, २००२ मध्ये व्हर्जिनियातल्या रोआनोकला गेम आणि त्यांच्या संगीताचा मेळा, पहिला मॅगफेस्ट, भरला, त्यामुळे अशा बँडना ऐकणारे एका ठिकाणी सापडायला लागले.

ह्यातला मला सगळ्यात आवडतो तो जॉर्जियातल्या अथेन्सचा बिट ब्रिगेड. ह्यांच्यात एक माणूस वाद्य वाजवतच नाही, तो स्टेजवर बसून गेम खेळतो, मागे पडद्यावर दिसतो, आणि तो जिथे पोचेल तिथलं संगीत बँडने त्याच क्षणी वाजवायचं. लेव्हल संपली की सगळ्यांनी एकदम तोडायचं, बॉस आला की उडी मारून दुसऱ्या चालीत. तबलजीने नाचणाऱ्या पायांकडे बघत बसावं तसं सगळ्यांचं लक्ष त्याच्या अंगठ्याकडे.

बाकीच्यांना वेगळीच अडचण येते, शेवट. गेमच्या गाण्याला शेवट नसतोच, कारण तुम्ही त्या लेव्हलमध्ये किती वेळ अडकणार हे लिहिणाऱ्याला माहीत नाही, म्हणून ते फिरून फिरून पहिल्यापासून वाजतं. आरतीला 'जय देव जय देव' जसं कितीही वेळा म्हणता येतं तसं. बँडला मात्र कुठेतरी थांबावं लागतं, मग कोणी दोन फेऱ्या वाजवून बॉसच्या धूनमध्ये शिरतं, कोणी गेम ओव्हरचा तुकडा जोडतं. आणि कुठल्या आवृत्तीवरून बसवायचं हीसुद्धा भानगड असते, कॅसलव्हेनिया ३ च्या १९८९ च्या जपानी कॅसेटमध्ये कोनामी कंपनीने स्वतःची चिप टाकून आवाजाच्या तीन वाटा जास्तीच्या दिल्या होत्या, अमेरिकन कॅसेटमध्ये त्या नाहीत. म्हणजे एकच गाणं, एकीकडे आठ वादक आणि दुसरीकडे पाच.

आता पुण्यात येऊ. आपल्याकडे हे घरोघरी पोचलं ते निन्टेन्डोच्या नावाने नाहीच, समुराई, मीडिया, लिटल मास्टर असल्या नावांचे सेट, नंतर तर नाव नसलेलेच, तुळशीबागेत नाहीतर बुधवारातल्या तापकीर गल्लीत मिळायचे. बहुतेक फॅमिकॉमच्या नकला, आतल्या चिप तैवानच्या. पिवळी कॅसेट, वर लिहिलेलं ९९९९९९ इन १ आणि आत खरे गेम वीस, बाकी तेच परत परत. चालली नाही की फुंकर. जुनी कॅसेट द्यायची, वर थोडे पैसे घालायचे आणि दुसरी आणायची, आणि मे महिन्यात दुपारी टीव्ही तापला की आजी बटण बंद करणार हे ठरलेलं.

आणि इथेच ड्रमरच्या तक्रारीचं उत्तर आहे. जपान आणि अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवायचा, आपला पाल पद्धतीचा टीव्ही ५० वेळा. ह्या गेम्समध्ये संगीत पुढे सरकवायचं कामही प्रत्येक चित्रागणिक एकदा व्हायचं, वेगळं घड्याळ नव्हतंच. म्हणजे पाल टीव्हीसाठी बनवलेल्या सेटवर सेकंदाला ६० ऐवजी ५० पावलं, मूळ चाल मिनिटाला १५० ठोक्यांची असेल तर आपल्या हॉलमध्ये ती १२५ ने वाजणार. बरं सूर खाली गेला असता तर कोणाच्या तरी लक्षात आलं असतं, पण सूर ज्यावरून ठरतो तो ह्या नकली चिपचा मुख्य ठोका १.७७ मेगाहर्ट्झ, मूळचा १.७९, त्यामुळे सुरातला फरक सेमीटोनच्या (लगतच्या दोन सुरांमधल्या अंतराच्या) पाचव्या भागापेक्षाही कमी. युरोपातल्या अधिकृत एनईएसवर उलट सूरही सेमीटोनहून थोडा जास्तच उतरायचा, मग काही गेम तिथल्यासाठी दुरुस्त करून विकले गेले. आपल्याला कोण दुरुस्त करून देणार! सवाईच्या गावात राहून आम्ही काँट्रासुद्धा विलंबितात ऐकला, सूर शुद्ध, लय उतरलेली.

हे गॅरेजमध्ये सांगितल्यावर गिटारवाल्याने आधी विश्वासच ठेवला नाही, मग लॅपटॉपवर एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या सेटची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आपल्या नकली पाल सेटवाली सेटिंग टाकून लावलं आणि पहिल्या दोन सेकंदात चौघंही गप्प. बासवाला एवढंच म्हणाला, "हेच. हेच ते."

रेकॉर्डिंग काढायचं म्हणाल तर ते सध्या तरी लांब आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कव्हर व्हर्जनसाठी ३१सी हे कलम आलं, मूळ ध्वनिमुद्रण झालं ते वर्ष संपल्यावर ५ कॅलेंडर वर्षं थांबायचं, आधी नोटीस द्यायची, आणि रॉयल्टी दर वर्षी किमान ५०,००० प्रतींच्या हिशोबाने आगाऊ. काँट्रा १९८७ चा, पाच वर्षांचा प्रश्नच नाही, पण पन्नास हजार प्रती म्हटल्यावर बासवाल्याने कॉफीचं बिलसुद्धा वाटून घेऊया म्हटलं.

स्पीडचं भांडण मात्र मिटलं. पहिली फेरी १२५ ने, आपल्या हॉलमधली, दुसरीला ड्रमर चार काठ्या देतो आणि गाणं १५० वर जातं. त्याने स्नेअरच्या कडेला पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर पेनाने लिहून ठेवलंय, 'आधी आईचा, मग जपानचा.'